दुसरी गाडी येते!

मैत्रिणींनो, तुमच्या घरातले घड्याळ खरी वेळ दाखवते का हो? आमचे कित्येक वर्षे दाखवीत नव्हते. डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत मी ते मुद्दाम दहा मिनिटे पुढे ठेवीत असे. हेतू एकच, सकाळची ८.११ ची लोकल चुकू नये. पण घड्याळ पुढे आहे हे घरात सगळ्यांनाच ठाऊक! त्यामुळे "अजून दहा मिनिटं आहेत" असे म्हणत उशीर व्हायचा तो व्हायचाच.

लग्न होऊन १९८६ साली मी साताऱ्याहून डोंबिवलीला आले आणि वर्षभरात फोर्टमधल्या एका कचेरीत नोकरीला लागले. डोंबिवली ते व्हीटी म्हणजे सुमारे ४८ किलोमीटर. गाडीत तास-सव्वा तास, शिवाय घर ते स्टेशन वीस मिनिटांची चाल. मुंबईत जागा परवडत नाही म्हणून माणसे ठाण्याच्या पलीकडे राहायला आली, नोकऱ्या मात्र मुंबईतच राहिल्या. सकाळी सगळा गाव एकाच दिशेने निघायचा आणि संध्याकाळी एकदमच परतायचा. मग गर्दी होणार नाही तर काय!

पण आपला बायकांचा प्रवास काही फलाटावर सुरू होत नाही. रात्री भाजी निवडायला बसतो तेव्हाच तो सुरू होतो. पहाटे पाचला नळ यायचा. पाणी भरा, कणीक मळा, तिघांचे डबे करा, मुलाला उठवून आवरा. हे पेपर वाचीत असत, सासूबाई जप करीत असत. खरे सांगायचे तर मला कोणी जुंपले नव्हते. "राहू द्या, मी करते," असे मीच म्हणायची. नोकरी करते म्हणून घरात काही कमी पडले, असे कोणी म्हणू नये हीच धास्ती!

१९९१ च्या जुलैमधली गोष्ट. आदल्या रात्री पाहुणे आलेले. सकाळी त्यांचे चहापाणी, सासूबाईंची उपवासाची खिचडी, सगळे उरकून निघायला उशीर झाला. बाहेर पाऊस. कचेरीत तीन लेटमार्क झाले की एक रजा जाई, आणि माझे दोन आधीच झालेले. पूल उतरते तोच गाडी हलली. मी धावले, दांडी धरली, एक पाय आत टाकला आणि ओल्या पायरीवरून दुसरा सटकला.

दारातल्या एका बाईने माझा दंड आणि पदर असा काही गच्च धरला की ब्लाउजची बाही उसवली. तिने मला आत ओढले. माझ्या तोंडून शब्द फुटेना. वाटले, आता धीर देईल. पण ती कडाडली, "घरी लेकरू आहे का?"

मी मान हलवली.

"मग? गाडी दुसरी येते गं बाई! त्याला आई दुसरी मिळायची का?"

ठाण्याला ती उतरून गेली. तिचे नावसुद्धा विचारायचे राहिले.

घरी मी चार दिवस काही बोलले नाही. नोकरी सोड म्हणाले तर, ही भीती! पाचव्या दिवशी पोळ्या लाटता लाटता सासूबाईंनी उसवलेल्या बाहीबद्दल विचारले आणि मला रडूच कोसळले. सगळे सांगून टाकले. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मला वाटायचं, माझा हात लागलेला तुला आवडत नाही. म्हणून मी लांब राहिले."

दुसऱ्या दिवसापासून पोळपाट त्यांच्याकडे गेला. ह्यांनी न बोलता पाणी भरायला घेतले. पहिल्या दिवशी बादली सांडली, पण मी तोंडातून अवाक्षर काढले नाही! आणि घड्याळ मी खऱ्या वेळेवर लावले. गाडी दिसत असूनही जिन्यावरून धावायचे नाही, हा नियम शेवटपर्यंत पाळला.

त्यानंतर मला लोकलचे दुसरे रूप दिसू लागले. मांडीवर पिशवी घेऊन वाटाणे सोलणाऱ्या बायका, चौथ्या सीटसाठी सरकून घेणाऱ्या, दसऱ्याला डब्याला तोरण बांधणाऱ्या. १९९२ साली मुंबईत महिला स्पेशल गाड्या सुरू झाल्या. आधी चर्चगेट-बोरिवली मार्गावर, मग आमच्या कल्याणच्या मार्गावरही. त्या दिवशी डब्यात पेढे वाटल्याचे मला अजून आठवते.

आता मी निवृत्त आहे आणि सूनबाई त्याच वाटेने जाते. आता पंधरा डब्यांच्या गाड्या आहेत, वातानुकूलित गाड्या आहेत, तिकीट मोबाइलवर निघते. पण ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात उभे असलेले प्रवासी गाडीतून पडले, काहींचे प्राण गेले. ती बातमी ऐकली आणि सूनबाईचा "पोचले" असा फोन येईपर्यंत मी खुर्चीवरून उठले नाही.

म्हणून सांगते, तुमच्या गावी लोकल नसेल, एस.टी. असेल, नाहीतर स्कूटर असेल. पण सकाळची ती धाव तीच असते, आणि ती ओट्यापाशी सुरू होते. तेव्हा ओट्यावरचे एक तरी काम आजच दुसऱ्याच्या हाती द्या. पोळी वाकडी झाली तर होऊ द्या.

परवा सूनबाई चप्पल घालता घालता म्हणाली, "आई, गेली बहुतेक माझी गाडी!"

मी म्हटले, "जाऊ दे गं. दुसरी येते. अर्धा कप चहा घे."

आणि मैत्रिणींनो, ती खरेच बसली हो!