शांघायमधील भाड्याचे घर

शांघायच्या पश्चिम भागात, हाँगचाओ विमानतळाच्या बाजूस, गुबेई नावाची वसाहत आहे. १९८० च्या दशकात परदेशी रहिवाशांचा विचार करून तिची आखणी झाली. आज तेथे जपानी, तैवानी व कोरियन कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. मध्यभागी केवळ पादचाऱ्यांसाठी राखलेला रस्ता असून त्याच्या दुतर्फा गिंको वृक्ष आहेत. शरद ऋतूत त्यांची पाने सोन्यासारखी पिवळी होतात. एकेकाळी मुंबईच्या गिरण्यांचे सूत चीनच्या बाजारात जात असे. यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यातून आलेल्या माणसाला या शहराविषयी म्हणूनच थोडी आपुलकी वाटते.

आमच्या चिरंजीवांनी नोकरीनिमित्त येथे भाड्याने घर घेतले. आयुष्य बँकेत गेल्यामुळे मी इमारतीच्या आधी करारनामा पाहिला. प्रचलित पद्धत अशी की, एक महिन्याचे भाडे अनामत ठेवायचे आणि पुढील भाडे तीन-तीन महिन्यांचे आगाऊ भरायचे. करार दोन भाषांत असला तरी कोणत्या भाषेतील मजकूर ग्राह्य धरला जाईल, हे कलम आधी वाचावे. बहुधा ती चिनी असते. म्हणून सही करण्यापूर्वी जाणकाराकडून मूळ मजकूर समजून घेणे हिताचे.

शहरातील जमीन तेथे सरकारची असते. निवासी वापराचा हक्क ७० वर्षांचा. २०२१ पासून लागू झालेल्या नागरी संहितेनुसार घर विकले गेले तरी भाडेकराराला बाध येत नाही. भाडेकरूला हा मोठाच आधार आहे. आपल्याकडे ११ महिन्यांच्या कराराची रूढी आहे, आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अन्वये करार लेखी व नोंदणीकृत करण्याची जबाबदारी घरमालकावर असते.

आणखी एक नियम मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांनी ध्यानात ठेवावा. हॉटेलाव्यतिरिक्त अन्यत्र उतरणाऱ्या परदेशी व्यक्तीने २४ तासांच्या आत पोलिसांकडे निवासाची नोंद करावी लागते. पाहुणा चार दिवसांचा असला तरी त्यास सूट नाही.

खरी काळजी स्वयंपाकघराची होती. आधीच्या भाडेकरूंनी तेथे काय शिजवले असेल, हे सांगावयास नको. सूनबाईंनी ओटा व कपाटे धुऊन काढली, घरातील भांडी मालकिणीच्या संमतीने बाजूला बांधून ठेवली आणि नवी आणली. चिनी बौद्ध परंपरेतील शाकाहारात कांदा-लसूणही वर्ज्य असतो. १९२२ साली स्थापन झालेले गोंगदेलिन हे शाकाहारी भोजनगृह शांघायमध्ये आजही प्रसिद्ध आहे. मात्र कंदमुळांचा प्रश्न तेथेही उरतोच.

घरमालकिणीने नोकरी, पारपत्र आणि पाळीव प्राणी यांविषयी विचारले. आम्ही काय खातो, हे विचारले नाही. आपल्या इमारतींत भाडेकरू ठेवताना हा प्रश्न बहुधा पहिला असतो. त्यामागील भावना मी जाणतो. आहारशुद्धी हा आपल्यासाठी केवळ चवीचा विषय नाही. परंतु आपली मुले आज ज्या शहरांत उद्योगासाठी जातात, तेथे ती परक्यांच्या घरात, परक्यांच्या विश्वासावर राहतात आणि आपला आचारही सांभाळतात. उद्या आपल्या दारी एखादा परगावचा तरुण घर विचारीत आला, तर त्याच्याशी बोलताना आपलेही मूल कुठे तरी असेच दार ठोठावीत असेल, हे लक्षात असावे.