राहिलेलं

आम्हां मराठवाड्याच्या माणसांना समुद्र म्हणजे नकाशातला निळा रंग! ‘जगात जर्मनी अन् भारतात परभणी’ असे छाती फुगवून सांगणाऱ्या आमच्या जिल्ह्यात गोदावरी आहे, पूर्णा आहे, दुधना आहे. पण जिचा पलीकडचा काठच दिसू नये अशी पाण्याची जागा काही नाही. असे असूनही आमच्या पिंगळीच्या घरात समुद्राचे नाव निघाले नाही, असा आठवडा जात नसे.

त्याचे कारण बाबांची नोकरी. 2003 साली ते शिक्षणसेवक म्हणून सिंधुदुर्ग जिल्ह्यात रुजू झाले. मानधन महिना 3000 रुपये. त्या काळी आमच्याकडची डी.एड. झालेली कितीतरी मुले अशीच कोकणात गेली आणि आंतरजिल्हा बदलीकडे डोळे लावून बसली. बाबांची बदली 2012 मध्ये झाली, तेव्हा मी आठ वर्षांची होते. मालवणच्या उत्तरेला, तळाशीलच्या बाजूला आमचे बिऱ्हाड होते. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कालावलची खाडी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. बदलीचा हुकूम आला आणि चार दिवसांत गाशा गुंडाळावा लागला. परतीच्या प्रवासात आईने किराण्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर मथळा घातला : ‘राहिलेलं’. नऊ वर्षे समुद्राकाठी राहून पाच गोष्टी राहिल्याच होत्या! दारातले देऊळ माणूस नेहमी उद्यावर टाकतो, तशातलाच हा प्रकार. किल्ला, रापण, रात्रभर दशावतार, पिंगुळी आणि शेवटी ‘काकीची कासांडी’.

ही कासांडी म्हणजे काय, ते सांगितलेच पाहिजे. 2004 च्या आषाढात, माझ्या जन्माच्या रात्री, आईला कळा सुरू झाल्या. बाहेर धो धो पाऊस. शेजारच्या काकींनी नवऱ्याला उठवले, होडी काढायला लावली आणि आईचे डोके मांडीवर घेऊन खाडी ओलांडली. पुढे बाळंतपणात रोज सकाळी पितळेच्या कासांडीतून पेज यायची. निघण्याच्या घाईत ती कासांडी आमच्या सामानात आली आणि बारा वर्षे पिंगळीच्या फडताळात राहिली.

2024 च्या डिसेंबरात आम्ही तिघे निघालो. मुंबईहून पुढे तुतारी एक्सप्रेस. केशवसुतांच्या कवितेचे नाव गाडीला देणारा माणूस रसिक असला पाहिजे. आमच्या डब्यात मात्र रात्रभर तुतारी वाजवली ती वरच्या बाकावरच्या एका गृहस्थांनी!

कुडाळला उतरून आधी पिंगुळी गाठली. पिंगळी आणि पिंगुळी, फरक एका उकाराचा! पण तिथली दौलत वेगळी. ठाकर समाजाने तिथे चित्रकथी जपली आहे. कागदावरची चित्रे पाठीला पाठ चिकटवून त्यांची पोथी करायची आणि एकेक चित्र पुढे धरून वीणा-टाळ-हुडुकाच्या साथीवर रामायण-महाभारत सांगायचे. शिवाय कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात या कलेचे संग्रहालय उभारले. 2021 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. गुरांच्या गोठ्यातून पद्मश्री! आमच्या पिंगळीत गोठे पुष्कळ आहेत, एवढेच मी आईला म्हटले. बाबा हसले नाहीत.

सिंधुदुर्ग किल्ल्याचे काम 1664 मध्ये सुरू झाले, हे आम्ही पाठ केलेले. पण होडीतून तट जवळ येताना पाहिला की सनावळी विसरायला होते. आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. चहूकडे खारट पाणी आणि मधे गोडे, याचे आईला फार नवल. बाबांमधला मास्तर लगेच जागा झाला. “अगं, पावसाचं पाणी खाली मुरतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून वर तरंगून राहतं.” आई म्हणाली, “मग आपल्या बोअरला मे महिन्यात काय होतं हो?” यावर मास्तर गप्प.

दशावताराचे फारसे लिहीत नाही. संकासुराच्या प्रवेशाला टाळ्या पिटणारी आई तीनच्या ठोक्याला माझ्या खांद्यावर झोपली होती. वहीत मात्र तिने पूर्ण खूण केली आहे.

रापण हा या साऱ्यातला खरा आनंद. होडीतून लांबवर अर्धगोल जाळे टाकतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसे ओढतात. म्हातारे, पोरे, बाया, जो हात लावील त्याचा वाटा. आईने पदर खोचला आणि दोराला हात घातला. पाऊण तासाने जाळे आले. तारल्या, थोडे बांगडे आणि पुष्कळसा कचरा. “पयल्यासारख्या ऱ्हवला नाय गे,” एक म्हातारे म्हणाले. पर्ससीन जाळ्यांवर राज्य सरकारने 2016 मध्ये निर्बंध घातले, तरी दोर ओढणाऱ्यांचे गाऱ्हाणे मिटलेले नाही. एवढ्या माणसांत तो वाटा किती पुरणार? तरी त्यांनी आईच्या ओंजळीत चार बांगडे घातलेच. बक्षीस घेतल्यासारखी ती ते घेऊन उभी होती.

काकींच्या घराकडे जाताना मात्र कोणी बोलेना. त्या असतील की नाही, हे विचारायचा धीर आईला बारा वर्षांत फोनवरसुद्धा झाला नव्हता. खळ्यात सून धान्य निवडत होती. काकी आत होत्या, पण डोळे गेलेले. आईने पिंगळीच्या ज्वारीने भरलेली कासांडी त्यांच्या हातात दिली. रिकामे भांडे परत करू नये, ही रीत दोन्हीकडची. काकींनी बोटे फिरवली, गळ्याजवळच्या पोच्यावर थांबवली आणि विचारले, “चेडू खंय?”

मी पुढे झाले. माझ्या तोंडावरून त्यांचा हात कितीतरी वेळ फिरत होता. आई रडत होती, आणि बाबा चुलीकडच्या भिंतीतले चिरे मोजत असल्यासारखे उभे होते.

निघताना सुनेने ज्वारी सुपात ओतून घेतली, कासांडी धुतली, सोलांनी गच्च भरली आणि आईच्या हातात ठेवली. आई नको नको म्हणाली. आतून काकी ओरडल्या, “रिकामा कसा देतलंव?”

परतीच्या गाडीत बाबांनी वही उघडली. चार खुणा झाल्या होत्या. पाचव्या ओळीवर पेन टेकवून त्यांनी आईकडे पाहिले. पायाशी कासांडी होती, डब्यात सोलांचा वास सुटला होता.

“राहू द्या हो तेवढं,” आई म्हणाली आणि तिने वही पिशवीत घातली.