यवतमाळ–नांदेड: आकाशातून किती, घरून किती

यवतमाळ ते नांदेड हवाई अंतर 157 किलोमीटर, उड्डाणाचा वेळ सुमारे 50 मिनिटं. फोनवर हे वाचलं आणि मी चक्रावलेच. ताशी 500 किलोमीटर पळणाऱ्या विमानाला एवढ्याशा अंतरासाठी 50 मिनिटं कशाला लागावीत? माझ्या त्रैराशिकाने तर 19 मिनिटंच येत होती. लेक नांदेडला दिली आहे. आमच्या कळंबहून आर्णी, उमरखेड करत एसटीने पोचेपर्यंत अख्खा दिवस मोडतो. त्यामुळे हा हिशेब मला समजून घ्यायचाच होता.

नागपूरला शिकणारा भाचा सुट्टीत आला तेव्हा त्याला धरून बसवलं. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर त्याने काटकोन त्रिकोण काढला. यवतमाळ 20.4 अक्षांशावर, नांदेडचा विमानतळ 19.2 वर, फरक 1.2 अंश. अक्षांशाचा एक अंश म्हणजे 60 सागरी मैल, 111 किलोमीटर. रेखांशांत फरक 0.8 अंशांचा, पण रेखांश ध्रुवाकडे जवळ येत जातात, म्हणून आपल्याकडे तो अंश 105 किलोमीटरच भरतो. उभी बाजू 133, आडवी 84. पायथागोरस लावला आणि कर्ण बरोबर 157 निघाला! दहावीत घोकलेलं प्रमेय असं कामी येताना पाहून फार बरं वाटलं.

"मग 50 मिनिटं कुठून आली रे?"

"आत्या, विमान उठल्या उठल्या पाचशेनं पळते का? ते चढते, मग उतरते. दहा हजार फुटांवरून खाली यायलाच तीसेक सागरी मैल लागतात, आणि तुमचा सगळा रस्ताच 85 मैलांचा."

म्हणजे पूर्ण वेग गाठून जरा स्थिर होतं न होतं, तोच उतरायची वेळ. शिवाय धावपट्टीपर्यंत सरकत जाणं, रांगेत थांबणं. म्हणूनच असे हिशेब करणारे सरसकट अर्धा तास वर धरतात. याचा खरा दाखला अमरावतीचा. तिथल्या बेलोरा विमानतळावरून 16 एप्रिल 2025 ला मुंबईची विमानसेवा सुरू झाली. सरळ रेषेत अंतर साधारण 540 किलोमीटर. ताशी पाचशेने तास-सव्वातास व्हावा, पण एटीआर विमानाचं वेळापत्रक होतं पावणेदोन तासांचं.

आणि हे सगळं कळल्यावर खरा प्रश्न उरतोच. यवतमाळला भारीजवळ धावपट्टी आहे, पण तिथून नांदेडला प्रवासी विमान नाही. समजा उद्या सुरू झालंच, तरी कळंबहून तिथवर जाणं, तासभर आधी हजर होणं, तिकडे उतरून घर गाठणं, यातच अडीच-तीन तास जातील. एवढ्या जवळच्या गावांसाठी विमानाचा आग्रह मला तरी पटत नाही.

माझं मन आता रुळांकडे लागलं आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड हा 284 किलोमीटरचा मार्ग आमच्या गावातून जातो. वर्धा–कळंब टप्प्याचं उद्घाटन 28 फेब्रुवारी 2024 ला झालं. कळंबपासून नांदेड उरतं सुमारे 245 किलोमीटर. ताशी सत्तरने गाडी धावली तरी साडेतीन तास, आणि तेही गावच्याच स्टेशनावरून. तेवढं झालं की सकाळी निघून लेकीकडे जेवायला पोचता येईल.