फुटण्यासाठी नेमलेला

न्यूयॉर्कच्या जुन्या भाड्याच्या इमारतींच्या गच्चीवर एक गृहस्थ राहतो. अंगावर पत्र्याचा डगला, त्यात पातळ काचा, डोक्यावर एक जाळी आणि पायाशी दुसरी. त्याच्या पायाखाली थेट तळमजल्यापर्यंत जिन्याची विहीर. नाव स्कायलाइट, हुद्दा जिन्याचा पहारेकरी. भाडेकरू त्याला ओळखत नाहीत. मान वर करून जिना चढतो कोण?

त्याचं घराणं गरिबीतलं. एकोणिसाव्या शतकात 25 फूट रुंद आणि 100 फूट लांब अशा प्लॉटांवर पाच-सहा मजली टेनेमेंट एकमेकांना खेटून उभी राहिली. दोन्ही अंगांना शेजाऱ्याची भिंत, त्यामुळे मधल्या जिन्याला खिडकी नाही. भर दुपारीही कठडा चाचपत चढायचं. हा काळोख पत्रकार जेकब रीस यांनी 1890 च्या आपल्या पुस्तकातून शहरापुढे मांडला, आणि 1901 च्या टेनेमेंट हाउस कायद्याने घरांबरोबर जिन्यांच्याही उजेडा-हवेची दखल घेतली. बाजूने वाट नव्हती, तिथे उजेड वरूनच आणावा लागला.

पुढे न्यूयॉर्कच्या मल्टिपल ड्वेलिंग कायद्यात स्कायलाइटची मापंही आली: काच किमान 20 चौरस फूट, हवा जायला किमान 144 चौरस इंच वाट. खरी गंमत काचेच्या जातीत आहे. छतावरच्या एरवीच्या काचांशी अमेरिकी बांधकाम संहिता कडक वागते. काच लॅमिनेटेड किंवा तार घातलेली हवी, नाहीतर खाली जाळी ताणा, असा तिचा खाक्या. या जिन्यावर मात्र हुकूम साध्या काचेचा. वरची जाळी उडत्या दगडाधोंड्यांपासून काच सांभाळते. खालची जाळी तुकडे झेलते. म्हणजे ही काच एक दिवस फुटणार, हे कायद्याने आधीच धरलं आहे.

तो दिवस आगीचा. खालच्या घरातला धूर दारातून जिन्यात शिरतो आणि गरम असल्याने सरळ वर धावतो. वर वाट मिळाली नाही की छताला थडकून आडवा पसरतो, वरच्या मजल्यांवर घुसतो आणि पुन्हा खाली उतरू लागतो. ज्या जिन्याने माणसांनी सुटायचं, तोच त्यांचा गळा आवळतो.

म्हणून आग लागताच अग्निशमन दलाचा एक जवान शेजारच्या इमारतीवरून किंवा शिडीवरून गच्ची गाठतो. जळत्या इमारतीच्या जिन्याने तो कधी वर जात नाही. आधी गच्चीचं दार उघडायचं, त्यामागे कुणी कोसळलेलं नाही ना हे चाचपायचं, मग स्कायलाइटकडे वळायचं. पहिल्यांदा एकच काच फोडायची, म्हणजे खाली जिन्यात असलेल्या साथीदारांना इशारा मिळतो. क्षणभर थांबून मग उरलेल्या. धूर उसळून बाहेर पडतो आणि जिना पुन्हा माणसांचा होतो. मातीच्या गल्ल्यासारखी या गृहस्थाची खरी किंमत त्याला फोडल्यावरच हाती येते.

शत्रू त्याला पुष्कळ. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्लॅकआउटने काहींच्या तोंडाला डांबर फासलं, ते नंतर कुणी खरवडलंच नाही. पावसात गळतो म्हणून कुणी वर पत्रा ठोकला, चोर उतरेल म्हणून कुणी गज बसवले. सगळ्यांत गोड शत्रू पॉलिकार्बोनेट: दिसायला स्वच्छ, टिकायला दांडगा, आणि ऐन वेळी कुऱ्हाडीलाही दाद न देणारा.

नव्या टॉवरांत त्याला जागा नाही. तिथला जिना दोन तास आग थोपवणाऱ्या भिंतींत बंद असतो, पंख्यांनी आत हवेचा दाब ठेवून धुराला दारातच अडवतात. अशा जिन्याच्या माथ्यावर भोक पाडलं तर तो दाबच निसटेल. तिथे धूर आत येऊ द्यायचा नाही. इथे आलेला बाहेर काढायचा. दोन्ही नियम आपापल्या घरी बरोबर, अदलाबदल केली तर दोन्ही घातक.

तेव्हा अशा जुन्या इमारतीचे मालक असाल आणि जिन्यावरची काच बदलायची वेळ आली, तर दुकानदार सुचवेल ती मजबूत काच नको म्हणा. साधी, पातळ, फुटणारी मागा. कायद्याला तीच हवी आहे.