चौकोनी भोकाचं नाणं

आमच्या इंदूरच्या घरी दिवाळीला वहीपूजन होतं, तेव्हा ताटात चांदीच्या रुपयांशेजारी एक पितळी नाणं असतं. मध्ये चौकोनी भोक, त्यात लाल दोरा. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "लक्ष्मी आहे ती, चीनची. पुसायची, पण घासायची नाही." ४० वर्षं पुसत आले, वाचली मात्र कधी नव्हती.

यंदा नातवाने भिंग लावून अक्षरं जुळवली. ही नाणी ठोकून पाडत नसत, साच्यात ओतत. मग चौकोनी सळईवर ओवायची, म्हणजे ती फिरत नाहीत आणि साऱ्यांच्या कडा एकदम कानशीने घासता येतात. पुढे त्याच भोकातून दोरी घालून हजाराची माळ करायची. अक्षरं आधी वरचं, मग खालचं, मग उजवं, मग डावं अशी वाचायची: दाओ, ग्वांग, थोंग, बाओ. पहिली दोन म्हणजे बादशहाचं स्वतःचं नाव नव्हे, राजवटीचं. १८२१ ते १८५०. पुढची दोन म्हणजे सगळीकडे चालणारं धन. मागे मांचू लिपीत टाकसाळ: कँटनची.

कँटन म्हटल्यावर माझा हात थांबला. सासऱ्यांचे पणजोबा अफूचे आडते होते, हे आमच्याकडे कौतुकाने सांगतात. माळव्याची अफू मुंबईला जाई आणि तिथून जहाजाने कँटनला. चीनमध्ये तिला बंदी होती. १८३९ मध्ये लिन त्सशू या अधिकाऱ्याने इंग्रज व्यापाऱ्यांकडून २० हजारांवर पेट्या ताब्यात घेतल्या, मीठ-चुन्याच्या पाण्यात अफू विरघळवली आणि समुद्रात सोडली. त्याआधी त्याने समुद्रदेवतेची क्षमा मागितली, जलचरांना काही दिवस दूर ने म्हणून विनवलं.

पाणी गाळून पिणारं आमचं घर! त्या पेट्यांत आमची एखादी होती का, ते नाणं सांगत नाही.

ह्यांना म्हटलं, तर म्हणाले, "अगं, तेव्हा सगळेच करायचे. सरकारच पैसे घेत होतं." तेही खरंच. कंपनी दर पेटीमागे परवान्याचे पैसे घेई.

सासूबाई आता ८८ वर्षांच्या. पलंगावरूनच विचारलं, "काय लिहिलंय गं आपल्या लक्ष्मीवर?"

"सगळीकडे चालणारं धन, असं."

"बघ, मी म्हणत होतेच," म्हणाल्या आणि हात पुढे केला. मी नाणं पुसून त्यांच्या तळहातावर ठेवलं.