बारा व्होल्टचे दाजी

डोईफोडियात दाजी घरजावई म्हणून आले आणि बघता बघता अख्ख्या गावाचे दाजी झाले. माझ्या वडिलांचेही दाजी, माझेही दाजीच. धंदा माईकचा. लग्न असो, सप्ताह असो, पोळा असो की प्रचारसभा, दाजींची हातगाडी निघायची: दोन कर्णे, अहुजाचा अ‍ॅम्प्लिफायर, वायरींची भेंडोळी आणि कुणाच्या तरी ट्रॅक्टरची काढून आणलेली बॅटरी. खकनार तालुक्यातलं आमचं गाव मध्य प्रदेशात मोडतं, पण घरात मराठी, बाजारात हिंदी आणि डोंगराकडच्या माणसांत कोरकू. दाजी तिन्ही भाषांत एकच वाक्य बोलायचे: "हॅलो, माईक टेस्टिंग."

पुढे मी शिकायला आणि मग नोकरीला पुण्यात गेलो. आज गाणं ऐकताना माझा कान जिथे थांबतो आणि जिथे कुरकुरतो, ती सवय दाजींनी लावलेली आहे. शाळेतल्या गुरुजींचे उपकार आपण भाषणात मानतो. ज्याच्या दुकानाच्या ओट्यावर बसून फुकट शिकलो, त्याचं नाव कुठल्याच भाषणात येत नाही.

दाजींच्या शहाणपणाचं मूळ विजेच्या टंचाईत होतं. २००३ च्या निवडणुकीत मध्य प्रदेशातलं सरकार 'बिजली, सडक, पानी' याच मुद्द्यांवर गेलं, आणि त्यातली बिजली आमच्या घरोघरची तक्रार होती. (त्याच वर्षी १५ ऑगस्टला बऱ्हाणपूर खंडव्यापासून वेगळं होऊन स्वतंत्र जिल्हा झाला. लाइट मात्र जिल्हा झाल्यावरही जातच राहिली.) कीर्तन रात्रभर चालायचं आणि बॅटरी एकच. त्यामुळे एकेक वॅट कुठे जातो याच्यावर दाजींचा डोळा असायचा. दुसऱ्या गावचा माईकवाला मोठा अ‍ॅम्प्लिफायर आणायचा आणि मध्यरात्री त्याची बॅटरी झोपायची. दाजींचं छोटं मशीन काकड्यापर्यंत टिकायचं, आणि आवाज शिवारापर्यंत जायचा. कारण ते मशीनवर नाही, कर्ण्यावर भरवसा ठेवायचे. एका वॅटमध्ये कर्णा जेवढा आवाज काढतो, तेवढा काढायला साध्या डब्यातल्या स्पीकरला पंधरा-वीसपट ताकद लागते. हे गणित त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. बॅटरीनेच शिकवलं होतं.

दुपारी काम नसलं की ते जळालेले स्पीकर दुरुस्त करत बसायचे. मी समोर बसायचो. फाटका कागदी कोन ब्लेडने सोडवायचा, जळक्या कॉइलचा करपट वास यायचा, चुंबकाच्या फटीतला लोखंडाचा कीस चिकटपट्टीने टिपून काढायचा. नवी कॉइल फटीत बरोबर मध्यभागी बसावी म्हणून जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या कापून भोवती सरकवायच्या आणि मग डिंक. डिंक वाळला की पट्ट्या ओढून काढायच्या. मग दोन्ही हातांची बोटं कोनवर सारखी टेकवून तो हलकेच खाली दाबायचा आणि कान जवळ न्यायचा. जरा जरी खरखर आली, तरी कॉइल कुठेतरी घासतेय, परत खोला. सगळं जमलं की शेवटी पेन्सिल सेल घेऊन दोन टोकं स्पीकरच्या दोन पत्र्यांना क्षणभर टेकवायचे. खट् आवाज होऊन कोन बाहेर आला, तर सेलचं प्लस ज्या पत्र्याला तो स्पीकरचा प्लस. आत गेला तर उलट. तिथे लाल रंगाचा ठिपका द्यायचे. "दोन स्पीकर एकमेकांच्या उलट लागले ना बापू, तर एक हवा ढकलते न् दुसरा वढते. आवाज जाते कुठं? कुठंच नाही."

असा हलत्या कॉइलचा स्पीकर अमेरिकेत राइस आणि केलॉग या दोघांनी १९२५ साली नावारूपाला आणला. शंभर वर्षांत कागदाच्या जागी पॉलिप्रॉपिलीन आलं, चुंबक लहान आणि जोरकस झाले, पण ओट्यावर दाजी जो उघडून दाखवायचे तोच स्पीकर आज लाखो रुपयांच्या गाडीच्या दारातही आहे.

मी पहिली गाडी घेतली ती जुनी, पेट्रोलची, लहान. दारात कंपनीचे साडेसहा इंची स्पीकर होते: पातळ कागदी कोन, मागे बिस्किटाएवढं चुंबक. बातम्यांना ठीक. गाणं लावलं की पखवाज पत्र्याच्या डब्यावर वाजवल्यासारखा. शहरातल्या दुकानांत चौकशी केली तर सगळीकडे एकच उत्तर: स्पीकर बदलताय तर अ‍ॅम्प्लिफायर घ्यावाच लागेल, नाहीतर पैसे पाण्यात. स्पीकरच्या दुप्पट खर्च सांगितला जायचा. मी कुणालाच हो म्हटलं नाही. स्पीकरचा जोड तेवढा घेतला आणि दिवाळीला गावी जाताना डिकीत टाकला.

दाजींनी गाडीभोवती एक फेरी मारली. कार स्टिरिओच्या तोंडावर ५० गुणिले ४ वॅट लिहिलेलं पाहून ते मोठ्याने हसले. "बॅटरी बाराची. गाडी चालू असली का चौदा. त्याच्यातून पन्नास कुठून आणते हा?" त्यांनी एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर हिशेब मांडला. चौदा व्होल्टचं शिखर धरलं तर कामाचे व्होल्ट दहाच्या आसपास. दहाचा वर्ग शंभर, त्याला स्पीकरच्या चार ओहमने भागा: पंचवीस. त्यातून मशीनच्या आतली घट वजा करा. म्हणजे चॅनेलमागे अठरा ते वीस वॅट, ते खरे. पन्नासचा आकडा क्षणभराच्या शिखराचा, दुकानाच्या काचेसाठी. माझ्या लक्षात आलं, दाजी आयुष्यभर गाडीचंच काम करत आले होते. गाडी तेवढी समोर नव्हती.

मग त्यांनी स्पीकरच्या खोक्यावरचे आकडे पाहिले. जास्तीत जास्त वॅटच्या मोठ्या अक्षरांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. शोधला तो सेन्सिटिव्हिटीचा बारीक आकडा: एका वॅटला, एका मीटरवर किती डेसिबल. माझ्या जोडीवर ९२ होते. "हे चांगलं घेतलं तू." त्यामागचं गणित असं: ताकद दुप्पट केली की आवाज तीनच डेसिबल वाढतो. कानाला दुप्पट मोठं वाटायला दहा डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. ८९ चा स्पीकर चाळीस वॅटवर जेवढा बोलेल, तेवढा ९२ चा वीस वॅटवर बोलतो. अर्धा अ‍ॅम्प्लिफायर तर खोक्यातच आलेला होता.

त्या दिवशी स्पीकरला त्यांनी हात लावला तो संध्याकाळी. सगळी दुपार दारात गेली. आतलं प्लास्टिकचं पॅनेल क्लिपा न मोडता काढलं, त्यामागचा पॉलिथिनचा कागद उचलला, तर आत पत्र्याला हात जाईल एवढी भोकं. दाजींनी मला बोलावून दाखवलं. कोन पुढे जातो तेव्हा मागे हवा खेचली जाते, आणि मागची हवा या भोकांतून पुढे येऊन पुढच्या हवेला खाऊन टाकते. खर्जाचा आवाज तिथेच मरतो. "कायले अ‍ॅम्प्लिफायर घेतं? आधी दरवाजा बंद कर. भोकातून पाणी गळते म्हणून कोणी मोटर मोठी करते का?"

आम्ही ब्युटाइलचे अ‍ॅल्युमिनियम चढवलेले चिकट तक्ते आणून बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला रोलरने दाबून बसवले. भोकं त्याच तक्त्यांनी बुजवली. दाराच्या तळाची बारीक भोकं मात्र त्यांनी मोकळी ठेवायला लावली. पावसाचं पाणी काचेवरून दारात उतरतंच, ते तिथूनच जातं, ती बुजली की दार आतून सडतं. नव्या स्पीकरसाठी बारा मिलिमीटर प्लायची रिंग कापली आणि पाणी लागून फुगू नये म्हणून तिला ऑइलपेंटचे दोन हात दिले. काच पूर्ण खाली घेऊन ती चुंबकाला घासत नाही ना ते पाहिलं. कंपनीची वायर कापली नाही, तयार कपलर लावला. शेवटी खिशातून पेन्सिल सेल निघाला. खट्. खट्. दोन्ही कोन बाहेर आले.

किशोरकुमारच्या खंडव्याचे शेजारी म्हणून मी त्याचं गाणं लावायला निघालो, तर दाजींनी भीमसेन जोशींचा अभंग मागितला. गळा माणसाचा वाटतो का हे आधी ऐकायचं, मग पखवाजाची डावी बाजू, मग टाळ कानात टोचतात का ते. आवाज पाऊण चढवला. फाटला नाही. त्यांनी मान हलवली आणि बंद करायला सांगितलं.

अ‍ॅम्प्लिफायरचं काय, तर त्यांचं मत एकांगी नव्हतं. सबवूफर लावायचा असेल, स्पीकर ८७-८८ डेसिबलचे असतील, किंवा काचा खाली करून हमरस्त्यावर मोठ्याने ऐकायची हौस असेल, तर घ्यावा. कारण लहान मशीन ओढून ताणून वाजवलं की लाटेची टोकं छाटली जातात आणि पहिल्यांदा ट्वीटर जळतात. घेतलाच तर बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज, वायर अस्सल तांब्याची (तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची नव्हे) आणि अर्थची वायर रंग खरवडून उघड्या पत्र्याला. गेन म्हणजे आवाज वाढवायचं बटण नव्हे, हेही त्यांनी बजावून सांगितलं. "पण तुले लागत नाही," एवढं मात्र स्पष्ट.

मजुरी विचारली तर म्हणाले, "जावयाले मजुरी देतं? गावात तोंड दाखवशील का?" मी डेडतलाईच्या बाजारातून मिठाई आणली, ती त्यांनी ओट्यावरच्या पोरांना वाटून टाकली.

दाजी आता नाहीत. त्यांचे कर्णे मुलाने मोडीत न घालता गावच्या देवळाला दिले, हरिपाठ अजून त्याच कर्ण्यांवर होतो. ती गाडी विकताना मी दारात कंपनीचे स्पीकर परत बसवून दिले आणि माझा जोड काढून घेतला. तो आता दुसऱ्या गाडीत आहे, ऑइलपेंटच्या रिंगांसकट. अ‍ॅम्प्लिफायर अजून घेतलेला नाही.