स्टुटगार्ट : साध्या रूपातल्या वेगवान गाड्यांचे माहेर

जर्मनीच्या नैऋत्येला, नेकार नदीच्या खोऱ्यात स्टुटगार्ट वसले आहे. चारी बाजूंनी टेकड्या आणि मध्ये खोलगट जागेत शहर. वरून पाहिले तर एखाद्या मोठ्या परातीत घरे मांडून ठेवली आहेत असे वाटते. टेकड्यांच्या उतारांवरचे द्राक्षमळे थेट वस्तीला येऊन भिडतात.

मुंबईकरांना हे शहर अगदीच परके नाही. १९६८ पासून मुंबई आणि स्टुटगार्ट ही भगिनी-शहरे आहेत. पुण्याचे नाते तर त्याहून जवळचे. मर्सिडीज-बेंझची भारतात जुळवलेली पहिली मोटार १९९५ मध्ये पिंपरीच्या टेल्को कारखान्यातून बाहेर पडली. ती '१२४' मालिकेतली ई-क्लास होती. त्याच मालिकेतल्या एका बहिणीसाठी आज जगभरचे शौकीन स्टुटगार्टची वाट धरतात. दिसायला दोघी जवळजवळ सारख्या, पण मोल मात्र जमीन-अस्मानाच्या फरकाचे!

बागेतल्या खोलीत लागला शोध

शहराच्या बाड कानस्टाट भागातल्या उद्यानात एक छोटीशी बैठी वास्तू आहे. गॉटलीब डाइमलर आणि त्यांचे सहकारी विल्हेल्म माइबाख यांनी वेगाने फिरणाऱ्या पेट्रोल इंजिनावर इथेच काम केले. १८८३ मध्ये त्यांना यश आले. दिवसरात्र दार बंद करून चाललेली ठोकाठोक ऐकून माळ्याला संशय आला, की आत खोटी नाणी पाडतात की काय! पोलिसांनी झडती घेतली, तेव्हा हाती लागली ती फक्त हत्यारे आणि इंजिनाचे भाग, अशी गोष्ट इथे सांगतात. आज तिथे छोटेसे स्मारक-संग्रहालय आहे.

उंटरट्युर्कहाइम भागात २००६ मध्ये उघडलेले मर्सिडीज-बेंझ संग्रहालय आहे. लिफ्टने सर्वांत वरच्या मजल्यावर जायचे आणि १८८६ सालच्या पहिल्या मोटारीपासून पाहत पाहत उताराने खाली यायचे, अशी तिथली रचना. सुमारे १६० वाहने पाहता पाहता अर्धा दिवस कसा सरतो ते कळत नाही. मुलेही कंटाळत नाहीत.

शेजाऱ्याने केलेली मदत

चार दारे, मागे डिकी आणि आत कुटुंब बसेल एवढी जागा असलेल्या गाडीला मोटारींच्या दुनियेत 'सलून' म्हणतात. वडिलांनी कचेरीत न्यावी, सुट्टीत मुलांना घेऊन आजोळी जावे, अशी ही घरगुती गाडी. जर्मन अभियंत्यांनी या साध्या गाडीत स्पोर्ट्स कारची ताकद भरली, पण बाहेरून फारसा गाजावाजा केला नाही. स्टुटगार्टच्या श्वाबियन लोकांचा स्वभावही असाच. त्यांच्या काटकसरीवर जर्मनीत विनोद केले जातात. पैसा असला तरी तो मिरवू नये, अशी इथली जुनी शिकवण.

या स्वभावाचा उत्तम नमुना म्हणजे १९९० च्या पॅरिस प्रदर्शनात दाखवलेली मर्सिडीज '५०० ई'. पाच लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन, ३२६ अश्वशक्ती आणि ताशी २५० किलोमीटरवर मुद्दाम रोखलेला वेग. मात्र तिची मडगार्डे नेहमीच्या गाडीपेक्षा थोडी रुंद होती. झिंडेलफिंगेनच्या कारखान्यातल्या नेहमीच्या जुळणीच्या रांगेत ती बसेना. तेव्हा मर्सिडीजने शेजारी पोर्शेचे दार ठोठावले. पोर्शेचे त्या काळी हलाखीचे दिवस चालू होते आणि तिला काम हवेच होते.

मग सुरू झाली एक गमतीची ये-जा. सांगाड्याचे भाग झिंडेलफिंगेनहून पोर्शेच्या त्सुफेनहाउझेन कारखान्यात जात. तिथे सांगाडा तयार झाला की रंगासाठी परत झिंडेलफिंगेनला. रंग वाळला की जुळणीसाठी पुन्हा पोर्शेकडे आणि शेवटच्या तपासणीसाठी पुन्हा माहेरी! एका गाडीला असे अठरा दिवस लागत. १९९५ पर्यंत अशा १०,४७९ गाड्या बनल्या.

झिंडेलफिंगेन गावही पाहण्यासारखे आहे. मोटार कारखान्याच्या करातून हे गाव एके काळी इतके श्रीमंत झाले, की रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे त्याने चक्क इटलीच्या संगमरवरात बसवून घेतले. काटकसरी श्वाबियनांनी केलेली ही एक उधळपट्टी!

म्युनिकशी चुरस

स्टुटगार्टहून सव्वादोनशे किलोमीटरवरच्या म्युनिकमध्ये बीएमडब्ल्यूचे घर आहे. या दोन शहरांतल्या चुरशीतूनच त्या काळच्या उत्तमोत्तम गाड्या जन्मल्या. १९८५ मध्ये बीएमडब्ल्यूने आपल्या साध्या पाच मालिकेत 'एम १' या स्पोर्ट्स कारच्या इंजिनाचे सुधारलेले रूप बसवले आणि २८६ अश्वशक्तीची 'एम ५' तयार झाली. पहिल्या पिढीच्या सुमारे बावीसशेच गाड्या बनल्या. नंतरची पिढी म्युनिकजवळच्या गार्शिंगमध्ये हातांनी जुळवली जाई.

स्टुटगार्टने शर्यतीच्या मैदानातून उत्तर दिले. मे १९८४ मध्ये न्युर्बुर्गरिंगच्या नव्या मार्गाच्या उद्घाटनाला वीस नामवंत चालकांना मर्सिडीज '१९० ई'ची सोळा व्हॉल्व्हची सलून चालवायला दिली होती. निकी लाउडासारख्यांना मागे टाकून पहिला आला चोवीस वर्षांचा आयर्टन सेन्ना. पुढे १९९० मध्ये याच गाडीची 'इव्होल्यूशन २' आवृत्ती निघाली. शर्यतीत उतरायचे तर निदान पाचशे गाड्या बनवून विकल्याच पाहिजेत, असा नियम होता. मर्सिडीजने ५०२ बनवल्या. डिकीवर भलामोठा पंख असलेली ही गाडी मात्र मुळीच लाजरी-बुजरी नव्हती.

भाव का कडाडले?

नवी असताना '५०० ई'ची किंमत सुमारे एक लाख पस्तीस हजार मार्क होती. पुढे दहा-पंधरा वर्षांत तिची गत इतर जुन्या गाड्यांसारखीच झाली. नव्या छोट्या मोटारीच्या पैशांत ती मिळू लागली. एखादा हौशी मेकॅनिक किंवा शाळामास्तर ती घेऊ शकत असे. आज चांगल्या अवस्थेतल्या गाडीला पन्नास हजार युरोंच्या पुढे मोजावे लागतात. 'इव्होल्यूशन २' तर लिलावात तीन लाख डॉलरच्याही वर गेली आहे.

याची कारणे समजायला अवघड नाहीत. मुळात गाड्या थोड्या. त्यातल्या कित्येक गंजल्या, ठोकरल्या, भंगारात गेल्या. ज्या मुलांनी लहानपणी या गाड्यांची चित्रे भिंतीवर लावली, ती आता पन्नाशीला पोहोचली आणि त्यांच्या हातात पैसा आला. अमेरिकेत पंचवीस वर्षांपूर्वीची गाडी आयात करायला नियमांची मोठी सूट मिळते. त्यामुळे एकेक वर्ष उलटले की नवे गिऱ्हाईक उभे राहते. जर्मनीत तीस वर्षांची, मूळ रूपात जपलेली गाडी असेल तर नंबरापुढे 'एच' अक्षराची पाटी मिळते. मग वर्षाला ठराविक १९१ युरोंचा कर भरला की झाले. प्रदूषणामुळे जुन्या गाड्यांना मज्जाव असलेल्या शहरी भागातही अशा गाडीला मुभा असते.

शौकिनांमध्ये वाद मात्र खूप. 'एम ५'चे भक्त म्हणतात, गिअर हाताने बदलता येत नसेल तर ती कसली गाडी? '५०० ई'ला तर फक्त चार गिअरांचा ऑटोमॅटिक! त्यावर मर्सिडीजवाले हसून सांगतात, की सहाशे किलोमीटर जाऊनही पाठ दुखत नाही, ही खरी परीक्षा. एकाला मूळ रंगच हवा, मग तो फिका का असेना. दुसऱ्याला नवा चकचकीत रंग चालतो. एका गोष्टीवर सर्वांचे एकमत आहे : स्वस्तात मिळालेली गाडी सर्वांत महाग पडते. नव्वदीच्या सुरुवातीच्या कित्येक मर्सिडीजमध्ये विजेच्या तारांवरचे आवरण काही वर्षांत ठिसूळ होऊन गळू लागते. ते बदलायचा खर्च ऐकूनच नवखा खरेदीदार घाम पुसतो.

काचेच्या खोलीतली गाडी

या भाववाढीने काय केले, ते पाहायचे असेल तर लोकलने अर्ध्या तासावरच्या ब्योब्लिंगेनला जावे. १९२५ मध्ये सुरू झालेल्या जुन्या विमानतळाच्या जागेत २००९ पासून मोटारींचे एक आगळे केंद्र आहे. आत काचेच्या खोल्या एकावर एक रचलेल्या आणि प्रत्येकीत कुणाची तरी लाडकी गाडी. मालक भाडे भरून ती इथे ठेवतात. येणारेजाणारे विनामूल्य पाहतात. शेजारच्या हॉटेलात मोटारीच्या आकाराचे पलंग आहेत. बच्चेकंपनी त्यावर बेहद्द खूश असते.

पण काचेपलीकडची गाडी पाहताना मनात प्रश्न येतोच. ही तर मुलांना मागे बसवून, डिकीत सामान कोंबून आजोळी जाण्यासाठी बनली होती. आता प्रत्येक किलोमीटरने तिची किंमत घटते म्हणून मालक ती बाहेर काढायला धजत नाही. एक ओरखडा म्हणजे हजारोंचे नुकसान. आपल्याकडे लग्नातली पैठणी कपाटात जपून ठेवतात आणि मग ती घडीवरच विरते, तसाच हा प्रकार. उभ्या गाडीचेही तसेच होते. रबर सुकते, ब्रेक गंजतात, टाकीतले पेट्रोल खराब होते. म्हणूनच अनुभवी शौकिनांचा सल्ला असतो : जपा, पण चालवा. ज्याने ती शाळामास्तराच्या पगारात घेतली, त्याला ती विकून बक्कळ पैसा मिळेल. मात्र तीच गाडी पुन्हा घेणे त्याला कधीच जमणार नाही.

कसे जाल?

फ्रँकफुर्टहून वेगवान रेल्वेने स्टुटगार्ट सुमारे दीड तासावर आहे. मर्सिडीज संग्रहालयासाठी एस-१ लोकलने नेकारपार्क स्थानकावर उतरावे. त्सुफेनहाउझेनच्या पोर्शे संग्रहालयासाठी एस-६ ने नॉयविर्ट्सहाउस गाठावे. दोन्ही संग्रहालये सोमवारी बंद असतात. एप्रिल ते ऑक्टोबर हा काळ चांगला. शाकाहारी मंडळींनी केझ-श्पेट्झले, म्हणजे चीज घातलेल्या घरगुती शेवया, जरूर मागवाव्यात.

आणि रविवारची सकाळ ब्योब्लिंगेनसाठी राखून ठेवावी. ऊन असेल तर एखादी काचेची खोली उघडते, तिच्यातली गाडी सावकाश खाली येते आणि इंजिन दबक्या आवाजात गुरगुरू लागते. मागच्या सीटवर नातवंडे बसलेली असली, तर गाडी आपल्या खऱ्या कामाला निघाली असे खुशाल समजावे.